पाऊणपट

दिवेआगरला जायचं ठरलं त्याच रात्री मी एक्सेलमध्ये तक्ता केला. डावीकडे वेळ, मध्ये कार्यक्रम, उजवीकडे शेरा. पहिलीच ओळ : 'शुक्रवार, पहाटे ५.००, प्रस्थान.' ऑफिसात मी असे तक्ते करतो आणि माणसं त्याप्रमाणे वागतात, निदान वागल्यासारखं दाखवतात. घरच्या माणसांकडून तेवढीही अपेक्षा ठेवता येत नाही. बायकोने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात शूला वेळ कुठे आहे?"

"ती काय, मधे मधे होईल," मी म्हणालो.

ती नुसती हसली. ते हसणं मला पुढे तीन दिवस पुरलं.

मंडळी सहा. मी, बायको, आई, बाबा, सहा वर्षांची ईरा आणि तीन वर्षांचा कबीर. गाडी सात जणांची. सातवी जागा सामानाला दिली होती, पण सामानाने हळूहळू आमच्या पायांखालच्या आणि मांडीवरच्या जागाही घेतल्या. दोन रात्रींसाठी कबीरचे अकरा जोड, फुगवायची चाकं, वाळूत खेळायच्या बादल्या, औषधांचा डबा, मेतकुटाची बरणी आणि दोन किलो आंबेमोहोर तांदूळ.

"अगं आई, कोकणात तांदूळ?"

"त्यांचा तांदूळ त्यांच्यापाशी. कबीरला मऊ भात लागतो."

अशा रीतीने मुळशीचा म्हणून पुण्यात विकत घेतलेला आंबेमोहोर मुळशीवरूनच पुढे कोकणात निघाला. त्याला काय वाटलं असेल ते तोच जाणे.

प्रस्थान ६.१० ला झालं. मधली सत्तर मिनिटं कबीरला डावा बूट उजव्या पायात घालायचा होता म्हणून गेली. त्याचं म्हणणं मान्य केलं तेव्हा गाडी हलली. चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं सगळं सुरळीत चाललं होतं. घाटात मुलांना उलटी होऊ नये म्हणून आईने दोघांना वर्तमानपत्रावर बसवलं होतं. वर्तमानपत्रावर बसलं की गाडी लागत नाही, हे आमच्या घरातलं जुनं शास्त्र. मी लहानपणी या शास्त्रावर बसून गोव्यापर्यंत ओकत गेलो आहे, पण एका अपवादाने शास्त्र बदलत नाही.

बरोबर ८.२५ ला, ताम्हिणी घाटात, कबीरने राशिभविष्याच्या पानावर उलटी केली. बाबांनी तेवढ्यात वाचून घेतलं होतं : 'प्रवास सुखकर होईल.' ती रास कबीरची नव्हती, एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

पावसाळ्यात ज्या ताम्हिणीत धबधबे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, तिथे डिसेंबरात पाण्याचा टिपूस नव्हता. होतं ते पाणी आमच्याच बाटल्यांतलं आणि तेही सीट धुण्यात संपलं. मग निजामपूर, माणगाव. १०.४० ला म्हसळ्यात शिरताना कबीरने भोकाड पसरलं, कारण त्याला केळं हवं होतं. त्याच क्षणी ईरानेही गळा काढला, कारण कबीरला केळं मिळणार होतं. आईने दोन केळी काढली. एक मोडकं निघालं. मोडकं केळं कुणीच घेईना. शेवटी ते मी खाल्लं, तर दोघांनाही तेच हवं होतं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. गावात घरटी एक पाटी : 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय.' त्यातल्या एका सोयीत आम्ही उतरलो. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी, पडवीत झोपाळा आणि झोपाळ्यावर मालक, ज्यांना सगळं गाव काका म्हणत होतं. सामान खाली उतरायच्या आत काकांनी विचारलं, "दुपारची पानं किती? आणि उद्या मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा, काकू नारळ खवायला घेतील." कोकणात भूक लागल्यावर जेवण सांगून चालत नाही. भूक आधी नोंदवावी लागते.

मी उत्साहाने तक्ता उघडून काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला.

"'शनिवार, दुपारी ४.००, हरिहरेश्वर प्रदक्षिणा, सूर्यास्तासह.' हे कुणी ठरवलं?"

"मी."

"समुद्राला विचारलंत?"

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा देवळाभोवती चार पावलांत उरकणारी नाही. डोंगराच्या कपारीतून पायऱ्या उतरून, थेट समुद्राला लागून असलेल्या खडकांवरून ती वाट जाते. ओहोटीला रस्ता, भरतीला समुद्र. पाणी चढत असताना तिथे जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

"उद्या तिथी काय? षष्ठी," काका म्हणाले. "सहाची पाऊणपट किती?"

"साडेचार," बाबा तत्परतेने म्हणाले. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. प्रश्न कुणालाही विचारलेला असो, उत्तर ते देतात.

"म्हणजे साडेचारला भरती पूर्ण. तुम्ही चारला प्रदक्षिणेला निघणार. छान!"

किनाऱ्यावरचा हा हिशेब मी पहिल्यांदाच ऐकला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रच तेवढा उशिरा उगवतो. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. ना ॲप, ना तक्ता. भिंतीवर कालनिर्णय आणि डोक्यात पाऊणकी असली की झालं.

"थोडं इकडेतिकडे होतं, वारा असला तर जास्त. पण फार नाही चुकत," काका म्हणाले. "त्यातून आता भांगाचे दिवस. जोर नसतो."

"इथे मिळते?" मी आवाज खाली घेऊन विचारलं.

"काय?"

"भांग."

काकांनी माझ्याकडे, मग माझ्या दोन लहान मुलांकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात तेव्हा येतं ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी फारसं चढत नाही, तो भांग. हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं, पण तोवर माझ्याविषयी त्यांचं मत झालं होतं.

संध्याकाळी सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेलो. बाबांनी वर्ग घेतला : १९९७ साली इथल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा.

"म्हणजे इथे खणलं की सोनं मिळतं?" ईरा.

"तसं नाही. याच गावात शके ९८२ चा ताम्रपटसुद्धा सापडला. म्हणजे इसवी सन १०६०. मराठीतल्या फार जुन्या लेखांपैकी एक."

"म्हणजे तांबंपण मिळतं," ईराने मनात नोंद केली.

बाबांनी इथेच थांबायला हवं होतं. पण शिक्षक धडा अर्धा सोडत नाही. त्यांनी २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तो मुखवटा कसा पळवला हेही सांगितलं. त्यामुळे रात्री २ वाजता कबीर उठून बसला आणि विचारू लागला, चोर कुठे आहे? चोर पकडले गेले, असं चौघांनी चार वेळा सांगितलं. "मग ते आता कुठे आहेत?" तुरुंगात. "तुरुंग कुठे आहे?" लांब. "समुद्रापेक्षा लांब?" हो. "मग त्यांना शू आली तर?" हा प्रश्न गृहखात्याचा होता.

शनिवारी सकाळी जाग आली ती काकूंच्या आवाजाने. "अगं बाई, हे काय?" मागीलदारी अळूचा वाफा होता. आता तिथे खड्डा होता. खड्ड्यात ईरा होती आणि काठावर ओळीने मांडलेल्या सापडलेल्या वस्तू : एक वाकडा चमचा, बाटलीचं बूच, तीन गोगलगायी. "तांबं लागलं नाही अजून," ती म्हणाली. मी माफी मागू लागलो, तर काकू म्हणाल्या, "राहू दे हो. मुळं उपटलीच आहेत तर आज अळूचं फदफदं करते. पानं किती?"

प्रदक्षिणेला सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी गाठायची होती. शेखाडी, आरावी, श्रीवर्धन असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता आहे, साधारण तासाभराचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र इतका जवळ की गाडीच्या काचेतून नुसता निळा रंग दिसावा. मोठी माणसं खिडकीला नाक लावून बसली होती. मुलं सीटखाली पडलेल्या एका शेंगदाण्यासाठी भांडत होती. श्रीवर्धन येता येता बाबा म्हणाले, "हे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ..." मागे वळून बघतात तर वर्ग झोपला होता.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हाही वर्ग झोपलेलाच. लहान मुलांच्या आईबापांना हा पेच ठाऊक असतो. झोपलेलं मूल उठवायचं नाही, हा आपल्या संस्कृतीतला एकमेव नियम सर्व पक्षांना मान्य आहे. मग पाळ्या लावल्या. आधी आई-बाबा. रिवाजाप्रमाणे अगोदर काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. त्यानंतर बायको प्रदक्षिणेला गेली आणि परत येऊन म्हणाली, "काय सुंदर आहे रे! खडकाला नुसती जाळी पडलीय, मधाच्या पोळ्यासारखी. खाली लाटा. जा, बघून ये."

मी दार उघडलं. कबीर जागा झाला.

तो अशा सुरात रडू लागला की त्याला खांद्यावर घेऊन फिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तासभर मी त्याला घेऊन गाडीभोवती फिरलो. घड्याळाच्या दिशेने, म्हणजे शास्त्रोक्त. तेवढ्यात पाणी चढायला लागलं होतं. दक्षिण काशीला जाऊन मी गाडीला एकेचाळीस प्रदक्षिणा घातल्या. इंजिन गरम होतं, त्यामुळे देवत्वाचा भास होत होता.

परत येऊन, मोदक खाऊन (कबीरने सारण तेवढं खाल्लं आणि रिकाम्या पाऱ्या काकूंना परत केल्या), तीनच्या सुमाराला आम्ही समुद्रावर गेलो. दिवेआगरचा किनारा लांबच लांब, सपाट, मागे सुरूचं बन. गाडी सुरूच्या सावलीत लावली. आई चटईवर बसली. मुलं खणू लागली. मी पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच पाठ टेकली आणि डोळे मिटले.

उघडले ते बायकोच्या प्रश्नाने. "गाडीची किल्ली कुठे आहे?"

मी खिसे चाचपले. ज्या आवाजात तिने विचारलं होतं, त्यावरून किल्ली तिथे नसणार हे मला कळलंच होतं. दुसरी किल्ली होती. अत्यंत जपून ठेवलेली. पुण्यात.

"कबीर, बाबाची किल्ली पाहिलीस?"

"खजिना," कबीर म्हणाला आणि समुद्रकिनाऱ्याकडे हात केला. दिवेआगरचा किनारा चार-पाच किलोमीटर लांब आहे. हात सगळ्यावर फिरला.

ईराची उलटतपासणी घेतली. आजोबांनी सांगितलं तसं दोघांनी खजिना पुरायचा खेळ मांडला होता, म्हणजे हजार वर्षांनी कुणाला तरी सापडेल. जागा लक्षात राहावी म्हणून तिने काडीने फुली मारली होती. "फुली कुठे आहे?" "ती लाटेने खाल्ली."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा घड्याळाकडे बघत होते. "साडेतीन. तास आहे," ते म्हणाले.

मग मी खणायला लागलो. बायको खणायला लागली. बाबा दिशा दाखवू लागले. माणसाने किनाऱ्यावर एकदा मनापासून खणायला घेतलं की त्याला एकटं राहता येत नाही. आधी नारळपाणीवाला आला. मग घोडागाडीवाला, मग घोडा. मग शेजारच्या चटईवरचं एक पुणेरी कुटुंब, ज्यांनी एका फावड्याची मदत आणि सात सूचना केल्या. "ओल्या वाळूत जड वस्तू खाली जाते," एक गृहस्थ म्हणाले. "उलट वर येते," त्यांचे मेहुणे म्हणाले, आणि ते दोघं वाद घालत माझ्या खड्ड्यात उभे राहिले. एका आजीबाईंनी हरवलेली वस्तू सापडावी म्हणून पदराला गाठ मारली. लांबून आलेल्या चार पोरांना वाटलं कासवाची अंडी आहेत. त्यांनी मोबाइल काढले.

आणि पाणी येत होतं. न थांबता, न घाई करता, प्रत्येक लाट मागचीपेक्षा वीतभर पुढे. माझ्या सबंध तक्त्यात ठरल्या वेळेला येणारा समुद्र एकटाच होता.

चार वाजले. सव्वाचार. पहिले दोन खड्डे बुजले. तिसऱ्याच्या काठाला फेस लागला. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी वाळू उपसत होतो आणि ईरा मला धीर देत होती : "बाबा, हजार वर्षं थांब, मग मिळेल."

साडेचारला पाणी थांबलं. खरंच थांबलं. चौथ्या खड्ड्याच्या अलीकडे दोन हात. भांगाची भरती, काका म्हणाले होते, जोर नसतो. पण चौथ्या खड्ड्यातही किल्ली नव्हती.

हताश होऊन मी चटईकडे आलो. या सगळ्या गदारोळात एकच व्यक्ती जागची हलली नव्हती. आई. मांडीवर कबीरची लाल बादली, काठोकाठ वाळूने भरलेली, आणि बादलीला दोन्ही हातांचा विळखा.

"आई, हे काय धरून बसलीयस?"

"मला काय माहीत? कबीरने दिलं. म्हणाला, आजी, कुणालाही देऊ नकोस आणि कुणालाही सांगू नकोस."

"आणि तू एक तास..."

"अरे, शब्द दिला होता त्याला."

बादली उपडी केली. आधी वाळू पडली, मग वाकडा चमचा, मग किल्ली. सगळ्या किनाऱ्याने टाळ्या वाजवल्या. घोड्याने मान हलवली. आजीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि श्रेय घेतलं. किल्लीला वाळू लागली होती, पण गाडी सुरू झाली. चोर सापडला तेव्हा त्याला शू आली होती.

रविवारी दहाला निघालो. माणगावला महामार्गावर अडकलो. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला चुकीच्या बाजूने शिरलेल्या सहा गाड्या. घरात कधी कुणावर आवाज न चढवलेले माझे बाबा अचानक दार उघडून खाली उतरले आणि भर रस्त्यात उभं राहून, आठवी ब च्या वर्गाला दरडावतात त्या आवाजात ओरडले, "एका रांगेत!" आणि आश्चर्य म्हणजे चार गाड्या रांगेत आल्या. बाबा परत येऊन बसले. घाट संपेपर्यंत कुणी बोललं नाही. वर्तमानपत्राची गरज पडली नाही.

रात्री मुलं झोपल्यावर मी तक्ता उघडला. ऑफिसची सवय. तिसरा रकाना भरल्याशिवाय झोप येत नाही. शुक्रवार, ५.००, प्रस्थान. शेरा : ६.१०. उलटी : ८.२५. म्हसळा, आकांत : १०.४०. लिहिता लिहिता माझा हात थांबला.

कबीर तीन वर्षांचा. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सहा दहानंतर सव्वादोन तासांनी आठ पंचवीस. पुन्हा सव्वादोन तासांनी दहा चाळीस. ईरा सहा वर्षांची. सहाची पाऊणपट साडेचार. सहा दहानंतर साडेचार तासांनी, दहा चाळीस! म्हसळ्याला दोघं एका रेषेत आले होते. ते नुसतं भोकाड नव्हतं, उधाण होतं.

मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, झोप. पण मला झोप येणं शक्य नव्हतं. बाबांचं वय बहात्तर. पाऊणपट चोपन्न. शुक्रवारी सकाळी सहा दहाला निघाल्यापासून चोपन्न तास, म्हणजे रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. मी बायकोने काढलेला, बाबा रस्त्यात उभे असतानाचा फोटो उघडला. वेळ : १२.१०.

मधल्या वेळा थोड्या इकडेतिकडे होत्या. पण ते भरतीचंही होतं, काका म्हणालेच होते.

मग मी आईचं गणित मांडलं. आईचं वय अडुसष्ट. पाऊणपट एक्कावन्न. म्हणजे रविवारी सकाळी नऊ दहा. त्या वेळी काय झालं होतं? रडणं नाही, ओरडणं नाही, काहीच आठवेना. आई कधीच काही करत नाही. तक्त्यात त्या वेळेला माझीच ओळ होती : '९.०० ते ९.३०, सामान बांधणे.' मी डिकीत पिशव्या कोंबत होतो. बायको कबीरचा बूट शोधत होती. बाबा काकांचा हिशेब तपासत होते. आणि आई पडवीतल्या झोपाळ्यावर बसली होती, पायाने हलकेच झोका देत, वाडीकडे बघत.

मग आठवलं. तेव्हा ती काहीतरी म्हणाली होती. फार हळू, विचारावं की नाही अशा बेताने.

"आणखी एक दिवस राहू या का रे?"

मी म्हणालो होतो, "आई, जरा ती तांदळाची पिशवी दे."

तिने दिली. पिशवी उघडलेलीही नव्हती. दोन दिवस कबीरने काकूंकडचाच भात खाल्ला होता, दोनदा मागून.

परवा कालनिर्णय घेऊन बसलो होतो. बायकोने विचारलं, पुढच्या सहलीचा तक्ता का? म्हटलं, नाही, तिथ्या बघतोय. आईला विचारून ये, कोणती चालेल.